तांबडी शिंगं, तपकिरी शिंगं

सायराकान एजे वाचनालयात यायला लागल्या त्या पुस्तकांसाठी नाही, उबेसाठी. त्यांच्या इमारतीतली गरम पाण्याची नळी त्या हिवाळ्यात दोनदा फुटली आणि आमच्या वाचनकक्षातले रेडिएटर मात्र असे तापायचे की खिडकी किलकिली ठेवावी लागे. त्या सकाळी दहाला यायच्या, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या आणि लोकरीचा गुंडा काढून मोजे विणत बसायच्या. तोकमोक या किर्गिझ गावातल्या या वाचनालयात मी सतरा वर्षं नोकरी करते आहे, आणि उबेला आलेल्या माणसाला मी कधी हटकलेलं नाही. एजे म्हणजे थोरली बहीण. त्या माझ्याहून चोवीस वर्षांनी मोठ्या, तेव्हा खरं तर आपा म्हणायला हवं, म्हणजे आईच्या वयाची. पण ते त्यांना चालत नसे. "तुझी आई शोभायला माझे गुडघे अजून पुरेसे दुखत नाहीत, कुंदुझ," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सुनावलं होतं.

शनिवारी अकरा वाजता आमच्या सभागृहात 'दूरचं कुरण' ही मालिका दाखवत. टीव्हीवर नवा भाग शुक्रवारी संध्याकाळी सातला लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच आम्ही मोठ्या पडद्यावर पुन्हा लावायचो, कारण एकदा बघून कुणाचंच भागत नसे. गोष्ट तशी सरळ. 'तुलपार' नावाचं यान चाळीस माणसं आणि गवताचं बी घेऊन एका दूरच्या ग्रहाकडे निघालंय. प्रवास ऐंशी वर्षांचा. माणसं पाळीपाळीनं झोपतात, पाळीपाळीनं जागतात. यानात काहीतरी बिनसलंय, पण काय ते त्यांनाही कळत नाही आणि आपल्यालाही. मालिका बनवणारे पक्के वस्ताद होते. प्रत्येक भागात ते काही ना काही दडवून ठेवायचे. भिंतीवरचा एखादा आकडा, गुणगुणलेली एखादी ओळ, दोन वेगळ्या माणसांच्या हातून पडणारा तोच चमचा. ते हुडकायचं आणि त्यावरून पुढचं ताडायचं, हा गावातल्या निम्म्या तरुणांचा उद्योग होऊन बसला होता.

त्यांचा म्होरक्या आर्गेन. वय एकोणतीस, राखलेली दाढी, बाजारात फोन दुरुस्तीचं दुकान. मालिकेबद्दल लिहायचं त्याचं एक चॅनेल होतं आणि ते वाचणारे अकरा हजार लोक होते, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा. त्याचं म्हणणं असं की हा सगळा प्रवास कप्तानाचं स्वप्न आहे, आणि भोजनकक्षातलं घड्याळ त्याचा पुरावा.

दुसऱ्या पर्वाचा चौथा भाग चालू होता. भोजनकक्षात आखूड केसांची एक मुलगी दोन यंत्रज्ञांना चहा देते, असा छोटासा प्रसंग. पाळी बदललेली, त्यामुळे चेहरे अनोळखी. सगळ्यांच्या नजरा घड्याळावर, कारण आर्गेननं आधीच सांगून ठेवलं होतं की नीट बघितलं तर काटे उलटे फिरताना दिसतील. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"शिरदाक बदललाय."

एजे विणकाम मांडीवर ठेवून उभ्या राहिल्या होत्या. भोजनकक्षाच्या भिंतीवर पहिल्या भागापासून एक शिरदाक टांगलेला होता, नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, दोन रंगांचे तुकडे एकमेकांत बसवून शिवलेला गालिचा, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी असलेला. असा प्रत्येकाच्या घरात असतो, म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघत नाही.

आर्गेननं मान वळवून अगदी अदबीनं विचारलं की आपा, काय बदललं. एजे म्हणाल्या, पहिल्यांदा शिंगं तांबडी होती आणि जमीन तपकिरी. आता शिंगं तपकिरी आहेत आणि जमीन तांबडी. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. तांबडं होतं, तपकिरी होतं, शिंगं होती. आधी काय होतं ते कुणालाच सांगता येईना.

"यानातला उजेड निळा आहे ना, आपा," आर्गेन म्हणाला. "उजेडानं रंग फसवतात."

"मला?" एजेंनी विचारलं, आणि त्या खाली बसल्या.

आर्गेनला ठाऊक नव्हतं की आपण कुणाशी बोलतोय. मलाही अर्धवटच ठाऊक होतं. सायराकान एजे एकोणिसाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत लागल्या आणि गिरणी बंद पडेपर्यंत, बावीस वर्षं, कापड तपासायच्या टेबलाशी उभ्या होत्या. खालून दिवे लावलेलं काचेचं टेबल, त्यावरून सरकत जाणारं कापड, आणि त्यात सुटलेला धागा, पडलेली गाठ, जाड झालेला पट्टा हुडकायचा. कापड थांबत नसे. जे दिसलं ते दिसलं, नाही दिसलं ते कुणाच्या तरी पाठीवर कोट होऊन फिरणार.

एकदा कोटाच्या कापडाचा अख्खा माल त्यांनी अडवून धरला होता. एक मीटर ऐंशीवर एक बारीकसा ओरखडा, पुन्हा एक मीटर ऐंशीवर तसाच, पुन्हा तेवढ्यावरच. मुख्य फोरमन म्हणाला, हा दोष कुणाच्या बापाला दिसणार नाही. एजेंनी त्याला सांगितलं की कापड सोड, यंत्राच्या रुळांचा घेर मोज. ज्याचा घेर एक मीटर ऐंशी भरेल त्या रुळावर खिळा उठलाय. माणसं गेली, मोजलं, सापडला. त्यांचे त्या काळचे सहकारी अजूनही हे सांगतात. गिरणी गेली, नवरा गेला, एजेंनी बाजारात मोजे विकले, पडदे शिवले, मुलगी राजधानीत, बिश्केकला दिली, मुलगा परदेशी, चेल्याबिन्स्कला कामाला गेला तो तिथेच राहिला. पण डोळे तेच राहिले, आणि त्यांना करायला काही काम उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी कुलूप काढायच्या आधीच त्या पायरीवर उभ्या होत्या. हातात एक जुनी, लांबट, हिरव्या पुठ्ठ्याची वही. गिरणीतली, दोष नोंदवायची. मागची कोरी पानं शिल्लक होती. "मला पहिल्यापासून सगळं बघायचंय," त्या म्हणाल्या. "एकटीनं नाही. मी बघते, तू थांबवायचं बटण दाब."

तीन आठवडे सकाळी दहा ते बारा आम्ही तेच केलं. लोक पुस्तकं बदलायला आले की मी उठायची, पुस्तक द्यायची, पुन्हा येऊन बसायची. आधी मला वाटलं होतं कंटाळा येईल. दुसऱ्या दिवशी मी घरून बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळून घेऊन गेले, आणि चौथ्या दिवशी एका सद्‍गृहस्थांना मधमाशीपालनाच्या जागी बाळंतपणाचं पुस्तक देऊन बसले. काय सांगू, अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. एजे पडद्याच्या इतक्या जवळ बसायच्या की त्यांच्या चष्म्यात यान फिरताना दिसे. त्या गोष्ट बघतच नव्हत्या. कप्तान रडला काय, डॉक्टरीण सेझिम मरता मरता वाचली काय, त्यांचं लक्ष भिंतीवर. मध्येच हात वर करायच्या, मी थांबवायची, त्या वहीत भाग, मिनिट आणि रंग लिहायच्या.

चौदा भागांत भोजनकक्ष एकतीस वेळा आला. सव्वीस वेळा शिंगं तांबडी. पाच वेळा तपकिरी. आणि त्या पाचही वेळा कप्तान नव्हता, सेझिम नव्हती, ओळखीचं कुणीच नव्हतं. आपण ज्यांना दुसरी पाळी समजत होतो तीच माणसं होती.

"आता ऐक," एजे म्हणाल्या. "तुझ्या आईनं कधी शिरदाक केला?"

आईनं नाही, आजीनं केला होता, असं मी सांगितलं.

"मग आठव. तांबडा नमदा आणि तपकिरी नमदा एकावर एक ठेवतात आणि दोन्हीतून एकदम सुरी फिरवतात. तांबडी शिंगं तपकिरीत बसतात. मग उरलं काय? तपकिरी शिंगं आणि तांबडी जमीन. तेही शिवतात, टाकत नाहीत. म्हणजे एक कापला की दोन होतात. त्या बहिणी असतात, कुंदुझ. एक या घरात जाते, एक त्या घरात."

मी म्हटलं, दोन घरं.

"दोन यानं," एजे म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी हे सगळ्यांपुढे मांडलं. वही हातात होती, पण उघडली नाही. सगळं तोंडपाठ होतं. पोरं वळून पडद्याकडे बघायला लागली. आर्गेन मात्र हुशार माणूस, त्यानं तिथल्या तिथे खोट काढली. जोडीचे दोन्ही शिरदाक विकत आणले असतील. एक मळला, धुवायला टाकला, तेवढे दिवस दुसरा टांगला. सजावटवाल्यांचा आळस, एवढंच. यावरून यान कसं निघेल? एक-दोघं हसली. कुणीतरी म्हणालं की आपा, आमच्याही घरी चला, गालिचे तपासून द्या.

मला राग आला. एजेंना आला नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या की हा बरोबर बोलतोय. गिरणीतही एका दोषावर त्या कधी यंत्र थांबवत नसत. दुसरा दोष त्याच जागी मिळाला, तरच यंत्राला हात लावायचा. "दुसरं काहीतरी असणार," परतताना त्या मला म्हणाल्या. "मी एवढी एकाच भिंतीकडे बघत राहिले, की बाकीचं बघायचं राहिलं."

पुन्हा ते पाच प्रसंग. बूट पाहिले, बटणं पाहिली, दारांच्या कड्या पाहिल्या. घड्याळही पाहिलं, आर्गेनचा मान राखून. सहा दिवस काही हाती लागलं नाही. एजे चिडचिड्या झाल्या, मोज्याची टाच दोनदा उसवली. मीही आशा सोडली होती.

मग एका बुधवारी त्या आल्या त्या धापा टाकत, कोटाची बटणं वरखाली लागलेली. आल्या आल्या म्हणाल्या, प्याला बघ. चहाचा प्याला. मी पहिला प्रसंग लावला. आखूड केसांची मुलगी यंत्रज्ञापुढे प्याला ठेवते. एजेंनी पडद्यावर बोट टेकवलं.

प्याला काठोकाठ भरलेला होता.

आता आमच्यात असा चहा कुणी देत नाही. थोडासाच ओततात, म्हणजे पाहुणा पुन्हा प्याला पुढे करतो, घरातलं माणूस पुन्हा भरतं, बोलणं चालू राहतं. काठोकाठ भरलेला प्याला पुढे ठेवला तर त्याचा अर्थ, हा पी आणि ऊठ. मी दुसरा प्रसंग लावला. काठोकाठ. तिसरा, चौथा, पाचवा. काठोकाठ, सांडेल असा. मग घाईघाईनं तांबड्या शिंगांचे प्रसंग लावले. म्हातारा आचारी सेझिमला चहा देतोय, तळाशी तीन घोट. कप्तानाला देतोय, तीन घोट. प्रत्येक वेळी.

मी विचारलं, हे सुचलं कसं. तेव्हा एजे जराशा घुटमळल्या. सकाळी चहा ओतताना गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आठवली, म्हणाल्या. चेल्याबिन्स्कहून मुलगा पोरीला घेऊन आला होता. नातीचं नाव मेदिना, तेरा वर्षांची, किर्गिझ चार शब्द बोलते. तिनं आजीला प्रेमानं चहा दिला, आणि दिला तो काठोकाठ. बाप तिच्यावर ओरडला, आजीला घराबाहेर काढतेस का म्हणून. पोर रडत आत गेली. "मी तेव्हा काही बोलले नाही," एजे म्हणाल्या. "बोलायला हवं होतं. मला टोचलं होतं ना, म्हणून गप्प बसले." मग त्यांनी तो विषय हातानं बाजूला सारला. त्यांचा निष्कर्ष पक्का झाला होता. आपल्या माणसात वाढलेलं कुणी असा चहा देणार नाही. म्हणजे दुसऱ्या यानातली माणसं आपली नाहीत, ती आपलं सोंग घेऊन बसलीत. "बहुरूपी आहेत," त्या म्हणाल्या. "बघशील तू."

आम्ही दोघी बाजारात आर्गेनच्या दुकानात गेलो. तो कुणाच्या तरी फोनची काच बसवत होता. मी माझ्या फोनवर दहा चित्रं एकामागून एक दाखवली, पाच अशी, पाच तशी. त्यानं चिमटा खाली ठेवला. पुन्हा पाहिली. गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"आपा," शेवटी तो म्हणाला, "मी दीड वर्ष त्या घड्याळाकडे बघतोय."

"घड्याळ मोठं असतं," एजे म्हणाल्या. "तुला दिसावं म्हणूनच ठेवलंय ते."

त्याचं कौतुक असं की त्यानं ते स्वतःच्या नावावर खपवलं नाही. त्याच दुपारी चॅनेलवर लिहिलं: तोकमोकच्या सायराकान आपा, गिरणीत बावीस वर्षं कापड तपासनीस, यांना हे दिसलं, मला दिसलं नाही. खाली दहा चित्रं. संध्याकाळपर्यंत चार हजार उत्तरं आली. तालासहून, ओशहून, अल्माटीहून, मॉस्कोत टॅक्सी चालवणाऱ्यांकडून. काहींनी टोमणे मारले की म्हातारीला कामधंदा नाही. बहुतेकांनी जुने भाग पुन्हा लावले आणि तोंडात बोटं घातली. एका माणसानं लिहिलं की माझी बायको दोन वर्षं म्हणतेय हा चहा चुकीचा ओतलाय आणि मी तिला गप्प बसवत होतो.

तिसऱ्या दिवशी कोचकोरच्या एका बाईचं उत्तर आलं. अनारकुल नाव. तिनं एवढंच लिहिलं होतं: "ते शिरदाक मी शिवलेत. मी त्यांना म्हटलं एकच न्या, दुसरा मी विकीन. तर म्हणाले, नाही, दुसरा तर हवाच." आर्गेननं धावत येऊन ते आम्हाला दाखवलं, आणि आम्ही तिघं वाचत असतानाच ते नाहीसं झालं. बाईनं पुसलं की तिला कुणी पुसायला लावलं, कोण जाणे. पण आम्ही वाचलं होतं. एजे खुर्चीत बसून इतक्या हसल्या की मी त्यांना पाणी दिलं.

शेवटचा भाग मे महिन्यातल्या शुक्रवारी होता. मी वरिष्ठांना विचारून वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवलं. चाळीस खुर्च्या होत्या, माणसं सत्तरच्या वर आली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, म्हणून आम्ही खिडक्यांना नकाशे लावले. कुणी भट्टीतले मांसाचे सामसे आणले, कुणी मकसीमची, आंबवलेल्या धान्याच्या पेयाची, बाटली. एजेंनी ठेवणीतलं मखमली जाकीट घातलं होतं. आर्गेननं आपली जागा सोडून त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं.

विसाव्या मिनिटाला 'तुलपार'च्या खिडकीतून दुसरं यान दिसलं. हुबेहूब तसंच, फक्त जुनं, खरवडलेलं. सभागृहात असा आवाज उठला की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. आर्गेन एजेंच्या पायाशी जमिनीवर बसला होता, त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. एजेंनी त्याला नुसतं खुणेनं गप्प केलं. त्यांना पुढचं बघायचं होतं. बहुरूपी कधी मुखवटा काढतात ते.

दोन्ही यानं जोडली गेली. सेझिम एका अरुंद बोगद्यातून चालत पलीकडच्या भोजनकक्षात आली. भिंतीवर तपकिरी शिंगं. आखूड केसांच्या मुलीनं तिला बसायला सांगितलं, दोन्ही हातांनी, मान लववून, प्याला पुढे केला. काठोकाठ. सेझिमनं प्याल्याकडे पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. तिला वाटलं, हिनं आपल्याला जायला सांगितलंय. मुलगी गोंधळली. तिचा चेहरा पडला. मग ती हळूच म्हणाली:

"आमचं काही चुकलं का? आम्ही तुमच्या जुन्या चित्रफिती बघून शिकलो. तुम्ही चहा देताना दिसता. प्याल्यात किती असतो ते बाहेरून दिसत नव्हतं."

ती बहुरूपी नव्हती. ती पोरं होती. 'तुलपार' निघायच्या आधी धाडलेल्या यानातली, पाळण्यात असताना पाठवलेली, यंत्रांनी वाढवलेली, त्याच चाळीस माणसांची पोरं. घरात काय असतं ते त्यांनी चित्रात बघून बघून पाठ केलं होतं, शिरदाक कुठे टांगायचा तेही.

सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. मी एजेंकडे पाहिलं. त्या उठल्या होत्या. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत त्या बाहेर गेल्या, आणि भाग संपायला पंधरा मिनिटं होती. मी मागोमाग गेले. त्या मासिकांच्या कपाटाशी उभ्या राहून फोन लावत होत्या.

"मेदिना?" त्या नातीच्या भाषेत म्हणाल्या. "मी आजी. नाही, बरी आहे मी. ऐक, गेल्या वर्षी तू मला चहा दिला होतास ना? बाबा ओरडला होता तो. तो चहा मी सगळा प्यायले नव्हते. यंदा आलीस की तसाच दे मला. भरून दे." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. एजे बराच वेळ नुसतं "हो, हो" म्हणत होत्या. मग फोन ठेवून माझ्याकडे वळल्या, डोळे पुसले आणि एकदम रागावल्यासारख्या म्हणाल्या की उत्तर माझ्या घरातच होतं आणि मी जगभर बहुरूपी शोधत हिंडले. राग कसला, चेहरा नुसता फुलला होता. आतून टाळ्यांचा आवाज आला. लोक त्यांना शोधत बाहेर आले.

जूनमध्ये मालिकेच्या कचेरीतून फोन आला. एजेंना त्यांनी बिश्केकला बोलावलं. मीही बरोबर गेले, मार्श्रुत्कात, म्हणजे छोट्या बसमध्ये, दीड तास त्या मोजा विणत होत्या. दिग्दर्शक चाळिशीतला, बारीक माणूस, त्यानं दारातच वाकून त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यानं सांगितलं की प्याला आणि शिरदाक दोन्ही मुद्दाम ठेवले होते, आणि दोन वर्षं तो वाट बघत होता की कुणाला तरी दिसेल. कुणालाच दिसलं नाही तेव्हा त्याला वाटायला लागलं होतं की आपण फारच लपवलं. अनारकुलचं लिहिणं त्यानंच पुसायला लावलं होतं, तिची माफी मागून.

मग त्यानं आम्हाला भोजनकक्षात नेलं. लाकूड आणि पुठ्ठ्याचा, आमच्या वाचनकक्षापेक्षा लहान. एजे चारही भिंतींपाशी फिरल्या आणि अकरा चुका काढल्या, ज्या मुद्दाम केलेल्या नव्हत्या. एक कडी उलटी बसवलेली. एका पाटीवर अक्षर राहिलेलं. सजावटवाली मुलगी पेन्सिल घेऊन मागे मागे लिहीत होती. दिग्दर्शकानं तिथेच विचारलं की तिसऱ्या पर्वाला तुम्ही तपासनीस म्हणून याल का, रोज गाडी पाठवू, आणि त्यानं नव्या भागांच्या कागदांची चळत पुढे केली.

एजेंनी हात मागे घेतले, जणू कागद तापलेले होते.

"ते दूर ठेव," त्या म्हणाल्या. "मला आधीच सगळं कळलं तर मी शनिवारी बघू काय?"

तो हसला, पण त्याला कळलं. शेवटी असं ठरलं की भिंती बांधून झाल्या की एजेंनी एक दिवस यायचं, चुका काढायच्या आणि कुणी काही सांगायच्या आत निघून यायचं. अशा त्या दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्या वेळी एका नटानं सहज काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी कानांवर हात ठेवून मोठमोठ्यानं गाणं म्हटलं, असं सजावटवाल्या मुलीनं मला फोनवर सांगितलं.

तिसरं पर्व सुरू होऊन पाच आठवडे झालेत. चाळीस खुर्च्या आता पुरत नाहीत. गिरणीतल्या जुन्या बाया येतात, त्यांना खास आणलंय एजेंनीच. विणणारी झामिरा येते, सूत रंगवणारी राबिया येते. राबिया दुंगान समाजाची आहे, बहात्तर वर्षांची, रंगखात्यात तीस वर्षं काढलेली, आणि दोघींचं त्या काळापासून पटत नाही, कारण एजे कापड परत पाठवायच्या ते राबियाच्या खात्यात.

गेल्या शनिवारी पाचवा भाग चालू होता. एजे पुढे वाकून सेझिमच्या खोलीतल्या वस्तू मोजत होत्या. राबिया मागे भिंतीला टेकून बिया सोलत होती, मला वाटलं तिचं लक्षच नाही. तेवढ्यात ती म्हणाली की हिच्या ओढणीचा निळा गेल्या भागापेक्षा एक धुलाई फिका आहे. आर्गेननं थांबवलं, मागे नेलं, दोन्ही चित्रं शेजारी लावली. फिका होता. केसभर, पण होता. म्हणजे या दोन भागांच्या मध्ये कितीतरी दिवस गेलेत, आणि ते आपल्याला दाखवलेले नाहीत.

सगळे एजेंकडे बघायला लागले. एजे पडद्याकडे बघत होत्या, चष्मा कपाळावर, तोंड उघडं. पहिल्यांदाच त्यांच्या आधी कुणाला तरी दिसलं होतं. मग त्या अख्ख्या वळल्या.

"राबिया," त्या म्हणाल्या, "पुढे येऊन बस. इथे, माझ्या शेजारी."

"बिया सांडतील," राबिया म्हणाली.

"सांडू दे," एजे म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून त्यांनी मांडीवर घेतला.